'आपलंच'वाले काका

परदेशी सहलीच्या प्रत्येक बसमध्ये एक तरी 'आपलंच'वाले काका असतात. ओळखायला अगदी सोपे. डोक्यावर टूरवाल्यांनी फुकट दिलेली टोपी, खाली बर्म्युडा, खांद्याला चकल्यांची पिशवी आणि समोर काहीही आलं तरी तोंडात एकच शब्द : आपलंच! युरोपात त्यांची जरा कुचंबणा होते. कंबोडियात अंगकोर वाटला उतरले की मात्र काका सातबारा नावावर असल्यासारखे चालायला लागतात.

पहिला खटका तिकिटावरून उडतो. परदेशी माणसाला एका दिवसाचे ३७ डॉलर, कंबोडियन माणसाला फुकट. "विष्णूचं देऊळ ना हे? मग आपल्याच देवळात आपल्यालाच तिकीट?" तिकिटावर जागच्या जागी फोटो छापतात. काकांचा त्यावरचा चेहरा अजून तसाच तापलेला आहे.

पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्राचं युद्ध कोरलेलं आहे. ख्मेर गाईडने तोंड उघडायच्या आत काका त्याला महाभारत सांगायला घेतात, तेही शंतनूपासून. पोरगं गुणी. सगळं ऐकून घेतं आणि भिंतीवर बोट ठेवल्यासारखं करून म्हणतं, "भीष्म, सर. बाणांवर." काका बायकोकडे वळतात, "बघ, याला पण माहितीये!"

पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन. जवळजवळ ४९ मीटर लांबीचा शिल्पपट, मधोमध विष्णू, दोन्हीकडून वासुकीला ओढणारे हात. काका बँकेत इन्स्पेक्शनला होते, त्यामुळे मोजल्याशिवाय पुढे सरकणं नाही. असुर ९२, देव ८८. "तेरीज जुळत नाही," काका पुटपुटतात. मग एकदम उजळतात, "म्हणजे बहुमत असुरांचं! अगदी आपल्यासारखंच!"

मग वेरूळ निघतं. "कैलास लेणं आठव्या शतकातलं, हे बाराव्या. म्हणजे आपलंच बघून केलेलं."

"अहो, पण आपण तरी वेरूळ कुठं पाहिलंय?" काकू विचारतात.

जोडपं छत्रपती संभाजीनगरचं. वेरूळ तिथून जेमतेम तीस किलोमीटर.

"ते काय, घराजवळ आहे. कधीही जाता येईल." हे 'कधीही' लग्नापासून चालू आहे.

खरी फजिती सर्वांत वरच्या मजल्यापाशी होते. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, असा नियम. राखणदार काकांच्या बर्म्युडाकडे बघतो आणि नम्रपणे हात आडवा धरतो. काका संस्कृती, परंपरा, सगळं काढून बघतात. हात हलत नाही. पंजाबी ड्रेसमधल्या काकू मात्र कठडा धरत तो खडा जिना चढून जातात. काका खाली चकली खात बसतात. काकू उतरल्यावर पहिला प्रश्न, "वर कोण आहे?"

"बुद्ध."

काका दोन घास थांबतात. "मग बुद्ध तरी कुणाचे? आपलेच!"

आता काकांचं सगळंच खोटं नाही. देऊळ मुळात विष्णूचंच. इथले जुने शिलालेख संस्कृतातही आहेत. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे डागडुजी केली, हेही खरं. पण देऊळ बांधलं दुसऱ्या सूर्यवर्म्याने. दगड कुलेनच्या डोंगरातला, हात ख्मेर कारागिरांचे. पश्चिम दरवाजातल्या अष्टभुज विष्णूला तिथले लोक आपल्या भाषेत 'ता रीच' म्हणतात आणि आजही उदबत्ती लावतात. देवळाचं चित्र तर त्यांनी थेट राष्ट्रध्वजावर घेतलंय. गोष्ट आपल्याकडून गेली, देऊळ मात्र त्यांचं.

तेव्हा असे काका तुमच्या घरात असतील, तर कंबोडियाचं बुकिंग जरूर करा. फक्त आधी एका रविवारी त्यांना वेरूळ दाखवून आणा, आणि बॅगेत एक फुल पँट टाका.