पाडव्याची रांग

महापालिकेच्या शाळेत पोराला प्रवेश मिळावा म्हणून आईबाप आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात, अशी बातमी महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांतून येते. कोल्हापुरातून ती गुढीपाडव्याच्या सुमाराला वर्षानुवर्षं येते आहे. जरगनगरची लक्ष्मीबाई कृष्णाजी जरग विद्यामंदिर. मराठी माध्यम, फी नाही, शिष्यवृत्ती परीक्षेत नाव कमावलेली पोरं. मराठी शाळा संपली असं म्हणणाऱ्यांनी ती रांग एकदा बघून यावी. तिथल्या शिक्षकांनी हे कष्टानं मिळवलं आहे आणि त्यांच्या श्रेयातला कणही मला कमी करायचा नाही.

मला बोलायचं आहे ते रांगेबद्दल.

रात्रभर रांगेत बसू शकतं कोण? ज्याची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडत नाही, तो. ज्याच्या घरी धाकट्याला सांभाळायला आजी आहे, तो. कधी यायचं आणि कोणते कागद आणायचे हे ज्याला आधीच कळलेलं आहे, तो. शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळीला असलेला मोल्डर ही रांग धरू शकत नाही. सणाच्या दिवशी चार घरची धुणीभांडी आटोपून मग स्वतःच्या घरी गुढी उभारणारी बाई धरू शकत नाही. विजापूरकडून बांधकामावर आलेल्या जोडप्याला तर अशी शाळा आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं. नियमात यातल्या कुणालाही मनाई नाही. पण दार उघडायच्या आधीच ती माणसं गळालेली असतात.

शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलम प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाळणी लावायला बंदी घालतं. चाळणी म्हणजे काय, तेही कायद्यानं सांगितलं आहे: चिठ्ठ्या टाकण्यासारखी योगायोगाची पद्धत सोडून एका मुलाला दुसऱ्याच्या आधी निवडण्याची कुठलीही रीत. आधी येईल त्याला जागा ही रीत या व्याख्येत बसते का, ते वकिलांनी ठरवावं. माझ्या लेखी ती चाळणीच आहे, आणि ती पोराच्या बुद्धीला न लागता बापाच्या सवडीला लागते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: रांगेत सगळ्या जातीधर्माची माणसं असतात की! असतातच, आणि ती आनंदाची गोष्ट आहे. पण एकाच जातीत, एकाच गल्लीत, पगाराची खात्री असलेलं घर आणि रोजंदारीचं घर यांच्यात आज मोठी दरी आहे. सरकारी शाळेच्या वर्गात ही दोन्ही घरं शेजारी बसायला हवीत.

निकालाचंही असंच आहे. शाळेच्या निकालात शिकवण्याचा वाटा असतो, तसा कोण आत आलं याचाही असतो. जे आईबाप प्रवेशासाठी रात्र जागतात, ते पुढे गृहपाठासाठीही पोराच्या मागे बसणारच. त्यामुळे गुणवत्ता यादीतली नावं बघून एका शाळेला डोक्यावर घ्यायचं आणि दुसरीला नावं ठेवायची, हा दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांवर सरळ अन्याय आहे. ज्याच्या घरी कुणालाच वाचता येत नाही अशा पोराला तिसरीत अस्खलित वाचायला लावणारी बाई कुठल्याच यादीत येत नाही. मला त्या बाईंचा निकाल छापून आलेला बघायचा आहे.

हे कोल्हापूर आहे, म्हणून जास्त बोचतं. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड होता. म्हणजे संस्थान मुलाच्या दारात जाऊन उभं राहत होतं. आज त्याच शहरात पालकाला शाळेच्या दारात रात्र काढावी लागते. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुलं सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. इमारत उभी केली म्हणजे मूल आपोआप आत येतं, असं त्यांनी कधी मानलं नाही. म्हणून तर १९०१ पासून वसतिगृहांमागून वसतिगृहं निघाली. ती बहुतेक एकेका समाजाची होती, त्या काळात तेवढंच जमण्यासारखं होतं. पुढचं पाऊल कुंभोजला जन्मलेल्या, कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी टाकलं. साताऱ्यात १९२४ मध्ये त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीला आणली. त्या वसतिगृहाला नाव मिळालं शाहू छत्रपतींचं.

आजचंच उदाहरण घ्या: कोल्हापूर जिल्ह्यात कागलला जवाहर नवोदय विद्यालय आहे. तिथे सहावीला सगळ्या जिल्ह्यातून ८० मुलं घेतात, तीही परीक्षा घेऊन. त्या परीक्षेसाठी क्लास निघाले आहेत आणि दहा वर्षांच्या पोरांवर त्याचा ताण येतो, हे मला मुळीच पसंत नाही. पण नवोदयनं एक काम चोख केलं आहे: कोण आत यायला हवं, ते आधी लिहून ठेवलं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या जागा वेगळ्या. शहरातली सर्वांत मागणी असलेली पालिकेची शाळा एवढंही लिहून का ठेवत नाही?

आणखी एक गोष्ट रांगेच्या बातमीत येत नाही. शिक्षकांची पदं संच मान्यतेत, म्हणजे सरकारच्या पदमंजुरीत, पटावर ठरतात. एका शाळेकडे ओढा वाढला की आजूबाजूच्या पालिका शाळांचा पट उतरतो, पट उतरला की शिक्षक कमी होतात, आणि शिक्षक कमी झाले की उरलेसुरले पालकही पोरं काढून घेतात. मागे राहतात ती ज्यांना पर्यायच नाही अशा घरची मुलं. एका शाळेचा अभिमान बाळगताना या दुसऱ्या वर्गखोलीतही कुणीतरी डोकावलं पाहिजे.

करायचं काय, हे अवघड नाही. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी राज्य सरकार ऑनलाइन सोडत काढतं. ज्या सोडतीनं रिक्षावाल्याचं पोर इंग्रजी शाळेत जातं, ती पालिकेच्या स्वतःच्या शाळेला का चालू नये? न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका शाळा जिल्ह्यानं २०१९ च्या प्रवेशांपासून सहावीसाठी गुण आणि हजेरी बघणं बंद केलं, सोडत सुरू केली आणि निम्म्याहून थोड्या जास्त जागा गरीब, बेघर आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना आधी दिल्या. आपल्याकडे महिनाभर अर्ज घ्या, परिसरातल्या मुलांना पहिला हक्क द्या, रोजंदारीच्या आणि स्थलांतरित घरांसाठी काही जागा बाजूला ठेवा आणि उरलेल्या जागांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा. अर्ज भरून घ्यायला अंगणवाडीताई वस्तीत जाऊ शकते. स्थलांतरित मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, असं शिक्षण हक्क कायद्याचंच नववं कलम सांगतं.

गुणवत्ता खाली येईल, अशी भीती काही जण बोलून दाखवतील. पहिलीच्या प्रवेशासाठी परीक्षा कुणी देत नाही, तेव्हा सहा वर्षांच्या पोराची गुणवत्ता कुणी मोजली आहे? जरगनगरचे शिक्षक चांगले आहेत हे सगळं शहर म्हणतं. मग फौंड्रीवाल्याचं पोर त्यांच्या हाताखाली द्या, आणि त्यांच्यातले दोन अनुभवी शिक्षक पट उतरलेल्या शाळेत मानानं मुख्याध्यापक म्हणून पाठवा. पालिकेनं हे पुढच्या पाडव्याच्या आत ठरवावं.