चिपाडाच्या गाडीला लांब पेर लागतं

जुन्या, टिकाऊ खेळण्यांची यादी निघाली की भोवरा, गोट्या, विटीदांडू, सागरगोटे ही नावं कुणीही धडाधड सांगतं. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी त्यात क्वचितच येते. माझ्या मते तीच पहिली यायला हवी. भोवरा सुताराकडून किंवा दुकानातून येतो, गोट्या विकत घ्याव्या लागतात. ही गाडी मात्र पोर स्वतः घडवतं, आणि तिला लागणारा बहुतेक माल कडब्याच्या गंजीत पडलेला असतो.

तिची बनावट बघा. वाळलेला धांडा घ्यायचा, वरचं टणक साल नखाने नाहीतर दाताने सोलायचं, त्याच्या कामट्या करायच्या. आत पांढरं, हलकं भेंड उरतं. भेंडात कामटी खुपसली की घट्ट बसते. खिळा नको, डिंक नको, दोराही नको. एक कामटी गोल वाकवून टोकं भेंडात रोवली की चाकाची धाव झाली, आडव्या कामट्या घातल्या की आरे. मग आस, साटा, दांडी, जू. जुवाला शिवळा म्हणून बाभळीचे काटे. पोळ्याला पुजलेले मातीचे बैल कुणी जपून ठेवले असतील तर जू त्यांच्याच खांद्यावर चढतं. सालाची धार बोट कापते, हेही खरं. पण वजन कुठे पडतं, चाक एका बाजूला का ओढतं, हे त्या पोराला कापलेल्या बोटांनिशी कळतं आणि कायमचं कळतं. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी काडीपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमितीच्या आकृत्या करायला शिकवलं. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. आपल्या शिवारातल्या पोरांनी कामटी आणि भेंड घेऊन तेच काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे.

खेळातली गाडी आपल्याकडे किती जुनी? हडप्पा-मोहेंजोदडोला मातीच्या छोट्या गाड्या ढिगाने मिळाल्या. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये काशाचा रथ निघाला. दोन बैल जुंपलेले, हाकणारा उभा. तो खेळण्याचा नसून पूजेचा असावा असं अनेक अभ्यासक म्हणतात. असू दे. जवळपास चार हजार वर्षांपासून माणूस बैल आणि चाक छोटं करून हातात धरतो आहे, मला तेवढं पुरे. चिपाडाची गाडी मातीत टिकत नाही, म्हणून तिचा असा पुरावा हाती लागत नाही.

आता केदारखेड्याकडे या. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं, पूर्णेकाठचं गाव. या पट्ट्यात आज कपाशी, सोयाबीन, मका आणि मिरची. पऱ्हाटी लाकडासारखी, ती सोलता येत नाही. सोयाबीनचं कुटार होतं. मक्याच्या धांड्याची गाडी होते, पण बोजड. ज्वारी मागे हटली आणि तिच्याबरोबर खेळण्याचा कच्चा मालच शिवारातून गेला. पोरांना मोबाईलचं वेड लागलं म्हणून खेळ संपले, असं उठसूट बोलणाऱ्यांनी एकदा आपल्या सातबाऱ्यावरची पीकनोंद वाचावी.

त्याच्याही आधी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कुणी या बाजूने पाहत नाही. 1964 मध्ये सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे हा जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जाऊ लागला. संकरित ज्वारी मुद्दाम ठेंगणी ठेवलेली. खत दिल्यावर ताट लोळू नये म्हणून. ठेंगण्या ताटाची पेरं आखूड. उतारा वाढला, घरात दाणा आला, त्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण आखूड पेरातून निघालेल्या कामटीचं चाक होत नाही. राहिलेल्या लांब धांड्यांना आता कुट्टी यंत्राने गाठलं आहे. कडबा गंजीत रचण्याआधीच त्याचे बोटभर तुकडे होतात.

अमेरिकेत रॉचेस्टरच्या संग्रहालयात खेळण्यांचं सन्मान दालन आहे. तिथे 2005 मध्ये पुठ्ठ्याचा खोका घेतला, 2008 मध्ये साधी काठी, 2021 मध्ये वाळू. कंपनीने न बनवलेल्या वस्तूंना तिथल्या लोकांनी मानाने आत बसवलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत कार्यानुभव आहे, पण त्यासाठी रंगीत कागद आणि चकाकी दुकानातूनच आणायला सांगतात.

म्हणून माझं मागणं थेट आहे. शाळेला लागून ज्याचं रान असेल त्याने रब्बीला बांधाकडेने मालदांडी ज्वारीची दोन तासं पेरावीत. उंच वाण आहे, पेर लांब येतं, दाणा घरात राहतो, धांडा पोरांना मिळतो. शिक्षकांनी एक दुपार गावातल्या सत्तरीच्या आजोबांच्या हवाली करावी. चाकाची धाव वाकवताना कामटी किती ओली हवी, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. शाळूची काढणी माघ-फाल्गुनात होते. त्या दिवशी कुट्टी यंत्र सुरू करण्याआधी दोन पेंढ्या बाजूला काढून ठेवा.