निळा हफर म्हणायचं नाही

ऑप्टिमस प्राइमचे चाहते जगात असंख्य आहेत, बंबलबीचे बहुधा त्याहून जास्त, आणि त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नायकावर जीव टाकायला अक्कल लागत नाही. लिहावं ते पाईप्सच्या चाहत्याबद्दल. असा एक इसम आमच्या नात्यातच आहे: ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. नोकरी विमा कंपनीत, दैवत पाईप्स.

पाईप्स कोण, असा प्रश्न त्यांच्या घरी विचारायचा नसतो. विचारलात तर जेवण गार होतं. म्हणून इथेच सांगून टाकतो. १९८४ साली हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनं जपानच्या टाकारा कंपनीची मोटारीचा माणूस होणारी खेळणी उचलली, त्यांना ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे आडनाव दिलं, आणि दोन तट पाडून भांडायला लावलं; ऑप्टिमस आणि बंबलबी त्यातलेच. बहुतेकांची नावं आणि स्वभाव मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कीनं लिहून दिले. त्यात सगळ्यात स्वस्त माल म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवून दुकानात टांगलेल्या बोटभर मोटारी. पैकी हफर नावाचा एक नारिंगी ट्रक होता, सदा कुरकुरणारा. १९८६ मध्ये कंपनीनं या मोटारींच्या जुन्याच साच्यांत थोडा फेरफार केला, रंग बदलले आणि नव्या नावांनी त्या पुन्हा विकायला काढल्या. त्यात हफरचा झाला निळा पाईप्स. ‘म्हणजे निळा हफर?’ असं एका पाहुण्यानं एकदा सहज विचारलं होतं. तो पाहुणा आता भारतात परत गेला आहे. कारण वेगळं होतं, पण भाऊजींना त्याचं समाधान आहेच.

भाऊजींच्या आयुष्यात पाईप्स आला तो त्यांच्या वडिलांच्या हिशेबीपणामुळे. वडील मूळचे दादरचे, इंजिनिअर, अमेरिकेत येऊन चार वर्षं झालेली. पोरानं वाढदिवसाला ऑप्टिमस प्राइम मागितला. वडिलांनी दुकानात किमती पाहिल्या, ऑप्टिमस आणि पाईप्स दोन्ही निरखले आणि विचारलं, ‘हा काय आहे?’ पोरगा म्हणाला, ‘ट्रक.’ ‘आणि हा?’ ‘ट्रकच, पण…’ पुढचं वाक्य बापानं ऐकलं नाही. ट्रक हवा होता, ट्रक मिळाला. शाळेत बाकीची पोरं ट्रेलरसकट ऑप्टिमस घेऊन आली तेव्हा भाऊजींच्या मुठीत हा निळा ऐवज होता, आणि तो कोण हे एकालाही माहीत नव्हतं. दुसरं पोर रडलं असतं. भाऊजी त्या दिवशी तज्ज्ञ झाले.

या जातीच्या माणसाचं मर्म इथं आहे. ऑप्टिमसचे जाणकार इतके आहेत की त्यांत तुमचा नंबर लाखाच्या पुढे लागतो. पाईप्सचा सगळा इतिहास मात्र एका रविवारी दुपारी पाठ होतो, आणि संध्याकाळी तुम्ही त्या विषयातले जगातले पहिल्या पाचांतले विद्वान असता. संशोधनात ही युक्ती नवी नाही. कुठल्यातरी उपशाखेतल्या पोटशाखेचा ताम्रपट धरून बसलेले प्राध्यापक आपल्याकडेही कमी नाहीत.

त्याच १९८६ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही’ हा सिनेमा आला. त्यात ऑप्टिमस प्राइम मेला आणि अमेरिकेतली पोरं थिएटरात हमसून रडली. नवा माल विकायचा तर जुन्या मालाला मारायला हवं, इतका तो सरळ हिशेब होता. भाऊजी मात्र कोरड्या डोळ्यांनी बाहेर आले. ‘आपल्याला काळजी नव्हती,’ ते अजून सांगतात. ‘मरायला आधी पडद्यावर दिसावं लागतं.’

आता पाईप्सचा स्वभाव. त्या कार्डाच्या मागे प्रत्येक रोबोची माहिती छापलेली असे; शक्ती, बुद्धी, वेग, धैर्य यांना एक ते दहा असे गुणही असत. भाऊजींनी तो चौकोन कापून, लॅमिनेट करून पाकिटात ठेवला आहे. त्याच्यामागे ताईचा फोटो आहे. पाईप्सला म्हणे पृथ्वीवरच्या क्षुल्लक वस्तूंचं भारी वेड. डबे उघडण्याचं यंत्र, विजेवर चालणारा दातांचा ब्रश, असल्या इतरांच्या लेखी कवडीमोल गोष्टी तो जमवतो आणि मांडून ठेवतो. बाकीचे यंत्रमानव विश्व वाचवत असतात, हा वस्तुसंग्रहालय चालवतो. थोडक्यात, परग्रहावरून आलेला एक जण आपल्या घरातला अडगळीचा माल गोळा करतो, आणि एडिसनमधला एक जण त्याला गोळा करतो. ताईनं हे एकदा भाऊजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘तेच तर!’ त्यांना ती टीका वाटली नव्हती.

संग्रह लहान आहे असं भाऊजींना वाटतं. १९८६ चा पाईप्स, खेळलेला. १९८६ चा पाईप्स, न खेळलेला. १९८६ चा पाईप्स, कार्डावरून न काढलेला. त्याच्याकडे पाहताना श्वासही बेतानं सोडायचा. त्या काळच्या खेळण्यांवर बोटानं चोळलं की उष्णतेनं टोळीचं चिन्ह उमटणारी एक चिकटपट्टी असे. भाऊजींच्या खेळलेल्या पाईप्सची पट्टी आता कितीही चोळली तरी काळीच राहते. तरी रोज सकाळी चोळतात. पुढे ‘कंबायनर वॉर्स’ मालिकेतला छोटा पाईप्स आला, मग २०२१ च्या ‘किंगडम’ मालिकेतला मोठा. दर वेळी कंपनी आधी हफर काढते आणि मग तोच साचा निळ्या रंगात. त्यामुळे दर वेळी भाऊजींना हफरही घ्यावा लागतो. ‘तुलनेसाठी,’ ते म्हणतात. हफर मागच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले असतात.

अशी माणसं वर्षातून एकदा एकमेकांना भेटतात. ट्रान्सफॉर्मर्सच्या चाहत्यांचे मेळे भरतात. ‘बॉटकॉन’ १९९४ मध्ये इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला सुरू झालं, आता ‘टीएफकॉन’चा बोलबाला आहे. तिथं भाऊजींचा एक कंपू आहे. एक स्वर्व्हवाला, एक टेलगेटवाला, एक आउटबॅकवाला. सगळे १९८६ चे, सगळे दुसऱ्याच्या साच्यातून निघालेले, सगळे दुर्लक्षित. वर्षानुवर्षं हे चौघं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून जगाच्या अडाणीपणावर कॉफी पीत आले. सुखाचे दिवस होते.

२०१२ मध्ये घात झाला. जेम्स रॉबर्ट्स नावाच्या ब्रिटिश लेखकानं आयडीडब्ल्यू प्रकाशनासाठी ‘मोअर दॅन मीट्स दी आय’ हे कॉमिक सुरू केलं, आणि त्यातल्या अंतराळजहाजात नेमकी ही कोपऱ्यातली मंडळी भरली. माझ्या मते त्याचं डोकं लेखकाचंच. ज्या पात्राकडे कोणाचं लक्ष नाही, त्याला हवं तसं वाकवलं तरी कोणी ओरडत नाही. स्वर्व्हनं त्या जहाजावर बार काढला आणि बघता बघता तो लोकांचा लाडका झाला. टेलगेटवर तर पोरी जीव टाकू लागल्या. पुढच्या मेळ्यात टेलगेटवाला उशिरा आला. त्याला वाटेत दोघांनी फोटोसाठी थांबवलं होतं. स्वर्व्हवाला आलाच नाही, तो व्यासपीठासमोर पहिल्या रांगेत होता.

पाईप्सही त्या जहाजावर होता. भाऊजींची स्थिती फार चमत्कारिक झाली. पाईप्सचं नाव परक्या पोरांच्या तोंडी ऐकून त्यांना अभिमान वाटायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांना, आपल्या नेहमीच्या खानावळीचं नाव पेपरात छापून आल्यावर जुन्या गिऱ्हाइकाचं होतं तसं झालं. विशीतला एक मुलगा त्यांना म्हणाला, ‘पाईप्स क्यूट आहे.’ भाऊजी रात्री जेवले नाहीत.

मग २०१३ साली त्याच कॉमिकात ओव्हरलॉर्ड नावाच्या राक्षसानं पाईप्सला चिरडून मारलं. भाऊजींनी ऑफिसात रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘जवळच्या व्यक्तीचं निधन’ लिहिलं, आणि साहेबानं सहानुभूतीनं नातं विचारल्यावर अडकले. ताई सांगते की दोन दिवस ते सुतकी चेहऱ्यानं वावरले, तिसऱ्या दिवशी मात्र तजेलदार दिसू लागले. कारण पोरं दुसऱ्या कोणाला तरी क्यूट म्हणू लागली होती. पाईप्स पुन्हा त्यांचा एकट्याचा झाला होता.

हल्ली त्यांनी पाईप्सचं वस्तुसंग्रहालय प्रत्यक्षात उभारायला घेतलं आहे. काचेच्या कपाटात, पाईप्सच्या मापाचं. पृथ्वीवरच्या क्षुल्लक वस्तू लागणार, आणि त्या बारीक मिळणार कुठे? तर पुण्यात. मला ई-मेल आली: तुळशीबागेतून भातुकली घ्यावी, पितळेची, सोबत मापं मिलिमीटरमध्ये. किसणी, बंब, जातं, पाटा-वरवंटा, पुरणयंत्र. मी फूटपट्टी घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं मला इवलासा बंब मोजताना बराच वेळ पाहिलं.

‘मुलगी केवढी आहे?’ त्यानं विचारलं.

‘मुलगी नाही, ट्रक आहे,’ मी म्हणालो. ‘चाळिशीला टेकलाय.’

त्यानं मुकाट्यानं दहा टक्के कमी केले.

पार्सल पोचल्यावर रात्री उशिरा फोन वाजला. भाऊजी नाराज होते. बंब सुरेख, किसणी जेमतेम, जात्याचा खुंटा वाकडा. ते सगळं चालेल. ‘पण पुरणयंत्र फारच मोठं पाठवलंत तुम्ही. आमचा छोटा पाईप्स अख्खा आत बसतो!’

मागून ताईचा आवाज आला, ‘बसलाय ना? मग फिरव दांडा.’