भाकीतशास्त्राची शिस्त आणि ग्रे कप

कॅनडियन फुटबॉल लीगमध्ये संघ अवघे 9 असून त्यांतील 6 बाद फेरीत, म्हणजे हरलेला संघ थेट घरी जातो अशा सामन्यांत, पोहोचतात; इतक्या उदार व्यवस्थेतूनही नेमका विजेता आधीच हेरणाऱ्या भाकीतकारांच्या प्रज्ञेचे कौतुक करावे तितके थोडेच. गोलाचा नेम चुकला आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडू शेवटच्या पट्ट्याबाहेर आणता आला नाही, तर या खेळात नेम चुकवणाऱ्यालाच ‘रूझ’ नावाचा एक गुण मिळतो, तेव्हा भाकीतकारांना हा खेळ जिव्हाळ्याचा वाटावा हे स्वाभाविकच होय.

या शास्त्राची पुढची पायरी उघड आहे: नोव्हेंबरच्या थंडीत खेळाडूंना कुडकुडवत न ठेवता ग्रे कप, म्हणजे 1909 पासून दिला जाणारा विजेतेपदाचा चषक, गुणतक्ता पाहूनच प्रदान करावा. ही सुधारणा 2016 साली अमलात असती, तर हंगामातील 18 पैकी 15 सामने जिंकलेल्या कॅलगरीचा सन्मान शास्त्रशुद्ध रीतीने झाला असता. दुर्दैवाने आयोजकांनी अंतिम सामना खेळवण्याचा हट्ट धरला आणि 8 विजय व 9 पराभव गाठीशी असलेल्या ओटावाने तो अतिरिक्त वेळेत 39–33 असा जिंकला.