पत्ता तेवढा विचारू नका

अहो वहिनी, जरा इकडे येता का? नाही नाही, बादली राहू दे तिथंच. तुमच्या या गोधडीचं टोक आमच्या जास्वंदीत अडकलंय, ते सोडवायला म्हणून आले आणि बघतच बसले. कुणी शिवली हो? सासूबाईंनी? वाटलंच. मशीनवर मारलेली लगेच कळते, टीप कशी या टोकापासून त्या टोकापर्यंत नाकासमोर जाते. हिचा धावदोरा बघा, कडेनं निघालाय आणि चौकोनात फिरत फिरत मधोमध येऊन संपलाय. आणि इथं भोक पडलंय ना, त्यातून आतली नऊवारी दिसतेय. हिरवा काठ आहे. शिवू नका हं ते भोक. म्हणजे शिवा, पण काठ दिसेल असं शिवा.

आमच्या माहेराकडे, बेळगावच्या पलीकडं हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसं, त्यातली कितीतरी निसटून रानात शिरली, त्यांचे हे वंशज. कोकणी बोलतात. त्यांच्या बायका गोधड्या शिवतात, कवंदी म्हणतात तिला. तीही अशीच, कडेकडून आत. जुन्या लुगड्यांचे तुकडे, रंगाला रंग भिडवलेला, मापबीप काही नाही, आणि चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेली त्रिकोणी फुलं. ती फुलं नसली तर गोधडी उघडीनागडी वाटते म्हणे त्यांना. तुमच्या हिच्या कोपऱ्याला काय आहे बघू? काहीच नाही. असू दे, पुणेरी गोधडी आहे, कोपऱ्यावर कशाला खर्च करेल!

बरं, खरं सांगायचं ते राहिलंच. परवा कोपऱ्यावरच्या वहिनींकडे रुखवत बघायला गेला होतात ना? ते ताटावरचे रुमाल पाहिलेत? क्रोशाची झालर, आत भरलेली बकुळीची फुलं. काम सुंदरच आहे, नाही म्हणत नाही मी. टाक्याला टाका कसा एकसारखा, एक मुका खांब इकडचा तिकडे नाही. पण तो रंग हो! अबोली म्हणावा तर अबोली नाही, केशरी म्हणावा तर केशरी नाही. मी आपलं साधेपणानं विचारलं, "वहिनी, दोरा कुठून आणलात?" तर म्हणतात कशा, "अहो, ते एका ओळखीच्यांकडचं आहे. तुम्हाला नाही सापडायचं." मी म्हटलं, नंबर सांगा नुसता, शोधेन मी. तर लडीवरची पट्टी म्हणे फेकून दिली! पट्टी फेकून देणारी बाई तिथून पुढं लागला दोरा तर कुठून आणणार? खोटं बोलायचं तर निदान पटेलसं बोलावं. पुरणपोळीची कृती सांगताना जायफळ तेवढं गाळायचं, त्यातला प्रकार झाला हा.

आणि मला कळत नाही, सांगितल्यानं जातं काय? दुकानदाराचा माल का मी एकटी संपवणार आहे?

याउलट आपले समोरचे काका बघा. बँकेतून निवृत्त झालेले, हो, तेच. संध्याकाळी खिडकीत मान खाली घालून बसलेले दिसतात, आपल्याला वाटायचं मोबाइल बघत असतील. भरतकाम करतात हो! मॅटीवर फुली टाका. काकूंनीच सांगितलं मला, गिरणीत दळण घालायला आलेल्या तेव्हा. सुरुवातीला दार लावून बसायचे म्हणे, कुणी आलं की उशीखाली सरकवायचे. आता गणपतीचं चित्र भरून भिंतीवर लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाआधी ते दाखवतात. पण मी सांगते, त्यांच्यासारखं मन मोकळं असलेला माणूस या गल्लीत नाही. मी विचारायचा अवकाश, वहीच काढून पुढ्यात ठेवली. बँकेतल्यासारख्या रेघा मारलेल्या. डावीकडे दोऱ्याचा नंबर, मग रंगाचा छोटा तुकडा चिकटवलेला, मग दुकान, मग किती पुरला. काळा म्हणजे अँकरचा ४०३. परदेशातून भाचीनं डीएमसीचा आणला तर काळा ३१०. एक लडी आठ मीटरची, सहा पदरी, दोन पदरांनी भरलं तर तिप्पट पुरते, असा सगळा हिशेब मांडलेला. मी म्हटलं, काका, तुम्ही कर्जखात्यात होतात की काय? पोट धरून हसले.

त्यांच्या वहीतून मला एक गोष्ट नवीन कळली, तुम्हीही लक्षात ठेवा. पदर सोडवताना आपण दोन पदर एकदम ओढतो आणि मग त्या दोऱ्याचा गुंता होतो. तसं नाही करायचं. एकेक पदर वेगळा ओढून काढायचा आणि मग दोन शेजारी शेजारी धरून ओवायचे. टाका सपाट बसतो, चमकही येते. एवढी वर्षं हातात सुई आहे, पण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग मीही त्यांना कसुती दाखवली. फुकट घेत नाही मी काही. आमच्या धारवाड-बेळगावकडची ती, काळ्या इरकली चंद्रकळेवर भरायची. ही बघा, पदराच्या या कोपऱ्यावर आहे, या जवळ. छाप नाही, पेन्सिलीची रेघ नाही, कापडाचे धागे मोजत जायचं. आणि गाठ मारायची नाही, कारण मागचं-पुढचं सारखं दिसायला हवं. हा गवंती टाका. जाताना एक घर वर, एक घर खाली असा नुसता धावदोरा घालत जायचं. काय होतंय ते कळत पण नाही, तुटक तुटक रेघ दिसते. परत येताना सुटलेली घरं भरत यायची की ही अशी अखंड ओळ. पायऱ्या-पायऱ्यांनी चढते ती मुरगी, विणल्यासारखी दिसते ती नेगी, आणि फुल्याफुल्यांची ती मेंथी, मेथीच्या दाण्यासारखी. गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, पाळणा, सगळं या चारांत बसवायचं. काकांना ते परत येण्याचं गणित इतकं आवडलं! जाताना कुठल्या वाटेनं जायचं हे आधीच ठरवावं लागतं ना, नाहीतर परत येताना एखादं घर सुटतं आणि दोरा तिथंच अडकतो. रात्री अकराला काकूंचा फोन, की यांना झोप येत नाहीये, हत्तीच्या सोंडेतून परत कसं यायचं?

दुकानं? सांगते ना, सगळी सांगते. रविवार पेठ. फडके हौदापाशी रिक्षा सोडून द्यायची, पुढं रिक्षावालाच तोंड वाकडं करतो. कापड हवं तर कापडगंज, आणि मणी, लेस, टिकल्या, आरसे, असलं सगळं बोहरी आळीत आणि तिच्या आजूबाजूला. दुकानं एवढीशी असतात, माणूस आत शिरला की आधीच्या माणसानं बाहेर यायचं. पण माळ्यावरून एकेक खोका खाली यायला लागला की काय विचारता! तुळशीबागेत जाऊन निम्मा माल बघायचा आणि दुप्पट दमायचं त्यापेक्षा हे बरं. फक्त तिथं घाऊक कारभार. डझनाखाली हात लावू देत नाहीत. आता एका रंगाच्या बारा लड्यांचं मी काय करू? गल्लीला तोरण बांधू? म्हणून तर म्हणते, चौघींनी मिळून जायला हवं. तीन-तीन वाटून घ्यायच्या. काकांना घेऊन जाऊ, ते हिशेब ठेवतील आणि पिशव्याही धरतील.

आणि रंग बघायचा तो दुकानातल्या दिव्याखाली नाही. लडी घेऊन सरळ रस्त्यावर उन्हात यायचं. दुकानदार ओरडू दे. दिव्याखाली आमसुली वाटलेला रंग बाहेर येऊन वांगी निघतो. लाल घेतला की घरी आल्यावर आधी परीक्षा. पांढरा रुमाल ओला करायचा, दोऱ्याचं टोक त्यात दाबून धरायचं. रुमालाला रंग लागला की ती लडी बाजूला. माझा एक अख्खा टेबलक्लॉथ असा गुलाबी झालाय. कुठल्या दुकानातला दोरा ते नाही सांगत, माणूस गोड आहे तो बिचारा.

अहो, नुसतं विकत घेणंच नाही, बघायलाही जायला हवं. तुम्ही केळकर संग्रहालयात शेवटच्या कधी गेलात? पाहुणे आले तेव्हाच ना! आपण पुण्यातले लोक पाहुण्यांच्या कृपेनंच जातो तिथं. दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी, त्यांना वेडच जुन्या वस्तूंचं. अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, करंडे, घरातून अडगळ म्हणून बाहेर पडणाऱ्या वस्तू गोळा करत हिंडले. बरोबर कमलाबाई. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव दिलं संग्रहालयाला, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. मला ती राजेरजवाड्यांची दालनं नको असतात. मी आपली अडकित्त्यांपुढं उभी राहते. सुपारीच कातरायची ना, पण त्यावर पक्षी काय, जोडपी काय! कुणा कारागिराला सुचलं असेल आणि त्यानं शेजारच्या कारागिराला दाखवलं असेल की नाही? नाहीतर इतके प्रकार झाले असते का?

भुजला गेलात कधी तर तेवढं अजरखपूर चुकवू नका. तिथं भरतकामाचंच संग्रहालय आहे, २०१६ पासून. मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ १९६९ च्या दुष्काळात मदतीला म्हणून कच्छमध्ये गेल्या. तिथल्या बायकांना फुकटचं जेवण नको होतं, काम हवं होतं. आणि हातात काय, तर ही कला. मग यांनी साड्या भरायला दिल्या, त्यातून श्रुजन संस्था उभी राहिली. तिथं सूफ भरतकाम बघा. उलट्या बाजूनं भरतात हो! धागे मोजत, कापडाच्या पाठीकडून, आणि नक्षी उमटते पुढं. मी तिथं एका बाईंपुढं बसले. त्यांना मराठी येत नाही, मला कच्छी येत नाही. मी पिशवीतून माझा कसुतीचा नमुना काढला, त्यांनी तो उलटा करून पाठ बघितली. आपल्याकडे लोक पुढचं बघून वाहवा करतात, या बाईंनी आधी पाठ बघितली! गाठ नाही दिसल्यावर मान डोलावली आणि त्यांचं कापड माझ्या मांडीवर ठेवलं. मग दुपारभर दोघी बोटांनीच बोलत होतो. त्यांनी काही लपवलं नाही, सुई कुठून घ्यायची तेसुद्धा दुकानाच्या दिशेला हात करून दाखवलं. आणि आपल्या इथं? चार घरं पलीकडं राहायचं, आणि लडीवरची पट्टी फेकून दिली म्हणे!

नाही हो, रागावले नाहीये मी. त्यांचा हात चांगला आहे, म्हणून तर वाईट वाटतं. तुम्हीच बोलवा त्यांना बोहरी आळीत यायला. माझं नाव नका सांगू. डझनाच्या हिशेबाला चौथी कुणीतरी लागणारच आहे. बायका एकत्र बाजारात हिंडल्या की तोंडं उघडतातच, रसाच्या दुकानापाशी तर हमखास.

कधी जायचं? बुधवार सोडून कुठलाही वार. बुधवारी मला जुन्या बाजारात… काही नाही, असंच. काम असतं.

हा बटवा? आवडला? घरीच केलाय. नाही, काठ नवा नाही, जुन्या पैठणीचा आहे. बघा ना, पोपट किती रेखीव आहेत, जर अजून काळी पडलेली नाही. पूर्ण साडी कुणी ठेवत नाही आता, फाटल्या की काठ तेवढे कापून विकतात. एक म्हातारा आहे, त्याच्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे असतात. पिंपात भरून ठेवलेले. तुम्ही पाहिलेत तर वेड्या व्हाल.

कुठे बसतो?

अं… ते ना वहिनी, जुन्या बाजाराच्या जरा पलीकडं. म्हणजे पलीकडं असंही नाही. गल्लीबोळ आहेत हो तिथं, आणि तो कधी बसतो, कधी नाही. तुम्हाला नाही सापडायचं. मीच आणून देईन ना, किती हवेत सांगा.