‘मिलिटरी ग्रेड’ छापणाऱ्या महाशयांस

महाशय,

नमस्कार. ‘सप्रेम’ हा शब्द मी मुद्दाम गाळला आहे.

तुम्ही मोबाईलची कव्हरं बनवता, किंवा दुसऱ्याकडून बनवून घेऊन त्यांवर आपला छाप मारता. दादर स्टेशनबाहेरच्या टेबलांवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, तालुक्याच्या गावातल्या रिचार्जच्या दुकानात, सगळीकडे तुमचा माल टांगलेला दिसतो. डब्यावर रणगाड्याचं चित्र, गणवेशासारखे हिरवे-करडे ठिपके आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘मिलिटरी ग्रेड’. ते कव्हर किती उंचीवरून, कशावर आणि कितीदा पाडून पाहिलं, याबद्दल डब्याच्या सहाही बाजूंवर एक ओळ नाही. मी डबा उलटसुलट करून वाचला आहे, म्हणून सांगतो.

तुमचं गिऱ्हाईक कोण, हे तुम्हाला नेमकं ठाऊक आहे. काही फोन आता फारच बारीक होऊ लागले आहेत. २०२५ मध्ये सॅमसंगने ५.८ मिलिमीटर जाडीचा गॅलेक्सी एस२५ एज आणला आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने ५.६ मिलिमीटरचा आयफोन एअर. ७.१ मिलिमीटरचा आयफोन ६ प्लस खिशात वाकतो, अशी ओरड २०१४ मध्येच झाली होती. असा गुळगुळीत, पातळ फोन हप्त्यांवर घेतलेला माणूस दुकानातून बाहेर पडायच्या आधीच धास्तावलेला असतो. त्याला मजबूत कव्हर हवं असतं आणि मजबुती डोळ्यांनी दिसत नाही. तो तुमच्या डब्यावर विश्वास ठेवतो, कारण त्याच्याजवळ दुसरा आधार नसतो. या विश्वासाचे तुम्ही आठशे-हजार रुपये घेता.

ज्या मानकाच्या जिवावर तुम्ही हे दोन शब्द छापता, त्याबद्दल बोलू. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं मानक. ते पहिल्यांदा १९६२ साली निघालं, आणि त्याची ‘एच’ आवृत्ती २०१९ ची. लष्करी सामग्री उष्णतेत, दमट हवेत, धुळीत, हादऱ्यांत कशी तपासावी हे त्यात सांगितलं आहे. कुठली चाचणी घ्यायची आणि ती किती कडक ठेवायची, हे वस्तूच्या वापराप्रमाणे ठरवण्याची मुभाही त्यातच आहे. बाजारातल्या मोबाईल कव्हरांना प्रमाणपत्र देणारं कोणतंही कार्यालय त्या खात्याने उघडलेलं नाही. म्हणजे चाचणी निवडणारे तुम्ही, निकाल लावणारे तुम्ही आणि शाबासकी छापणारेही तुम्हीच.

कव्हरवाल्यांच्या तोंडी सर्वांत जास्त असते ती ‘जी’ आवृत्तीतली पाडून पाहण्याची चाचणी. १२२ सेंटिमीटर उंचीवरून वस्तू २६ वेळा टाकायची: सहा बाजूंवर, बारा कडांवर, आठ कोपऱ्यांवर. वाचायला भारदस्त वाटतं. पण खाली काँक्रीटवर पाच सेंटिमीटर जाडीचं प्लायवूड अंथरलेलं असतं, आणि हे २६ आपटे पाच नगांत वाटून घेण्याची सवलत असते. एका नगाच्या वाट्याला पाच-सहा आपटे येतात. महाशय, आमच्या जिन्यावर प्लायवूड नाही, कोटा फरशी आहे. एसटी स्टँडवर काँक्रीट आहे, रस्त्यावर खडी आहे. आणि आमच्यातल्या प्रत्येकाकडे फोन एकच आहे.

आता तुमच्या कव्हराच्या आतलं पाहू. फोन १.२ मीटरवरून पडला की जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर असतो. तो वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर काचेचं नशीब ठरतं. एका मिलिमीटरमध्ये फोन थांबला, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी १२०० पट जोर येतो. १६५ ग्रॅमच्या फोनला हा धक्का जवळजवळ २०० किलोंचा झाला. तोच फोन तीन मिलिमीटर दबत थांबला, तर जोर एक तृतीयांशावर येतो. कव्हराचं खरं काम एवढंच: कोपऱ्यात ते दोन-तीन मिलिमीटर दबणं. तुम्ही मात्र दगडासारखं कडक प्लास्टिक जाड करता, त्याला खोटे स्क्रू आणि खाचा देता, आणि आतून ते फोनला थेट टेकलेलं ठेवता. असलं कव्हर दिसायला पहिलवान असतं आणि धक्का जसाच्या तसा काचेला पोचवतं. बडा घर, पोकळ वासा.

काचेबद्दलही तुम्ही लोकांना अर्धंच सांगता. फोनची काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून कणखर केलेली असते. काचेतले सोडियमचे आयन निघून त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन बसतात आणि पृष्ठभागाचा थर दाबाखाली घट्ट राहतो. त्या थराच्या खाली पोचणारा एक ओरखडा, विशेषतः कडेला, पुढच्या आपट्याला तडा सुरू करायला पुरतो. आमच्या रस्त्यावरच्या वाळूतले गारगोटीचे कण या काचेपेक्षा कठीण असतात. कव्हराची कड स्क्रीनपेक्षा मिलिमीटरभर वर असेल तर सपाट फरशीवर काच वाचते, पण खडीवर एखादा खडा त्या कडेच्या आत सहज शिरतो. तिथे वर टेम्पर्ड ग्लास लागतेच. आणि तुमचं कव्हर इतकं आवळ की ती ग्लास कडेने उचलली जाते, हा अनुभव कुठल्याही मोबाईल दुकानदाराला विचारा.

हे सगळं मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण यात कोण भरडलं जातं ते मला दिसतं. आमच्या सोसायटीत पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाच्या गाडीच्या हँडलवर फोन असतो. त्याचा पत्ता, त्याची ऑर्डर, त्याचे पैसे, सगळं त्या फोनमध्ये. डिस्प्ले गेला की दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि बुडालेली मजुरी वेगळी. घरोघर आरोग्याच्या नोंदी घेत फिरणाऱ्या आशा ताईंचंही तसंच. यांनी पोटाला चिमटा काढून तुमचं महाग कव्हर घेतलेलं असतं.

म्हणून तुमच्या डब्यावर जे नाही ते इथे सांगून टाकतो. गिऱ्हाइकाने कव्हराचा कोपरा अंगठ्याने दाबून पाहावा. आत टीपीयूसारख्या लवचिक प्लास्टिकचा मऊ थर हवा, दाबला की दबणारा आणि सोडला की मूळ आकारात येणारा. बाहेर पॉलिकार्बोनेटचं कवच असलं तर उत्तम. फोन घालून पालथा ठेवावा. काच टेबलाला टेकत असेल तर ते कव्हर परत द्यावं. पातळ फोनांचा कॅमेरा पाठीतून बराच वर आलेला असतो, त्याच्याभोवतीची कड त्याहूनही उंच हवी. फोन हातातून निसटू नये म्हणून कडेला खरखरीत पकड हवी. न पडणारा फोन सर्वांत सुरक्षित. आणि कव्हर आठवड्यातून एकदा काढून आतली धूळ पुसावी. हो, उन्हाचंही: अ‍ॅपल आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते. विदर्भातल्या मे महिन्यात, चार्जिंगला लावलेला फोन तुमच्या जाडजूड खोळीत तापला, तर ती काढून ठेवणं बरं. हेही तुम्ही छापत नाही.

काय छापता येतं, हे पाहायचं असेल तर युरोपकडे पाहा. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनच्या लेबलवर तो पडण्याला किती टिकतो याचा वर्ग द्यावा लागतो. घडी न होणारा फोन किमान ४५ वेळा पडूनही चालला पाहिजे, आणि २७० वेळा टिकणाऱ्याला ‘ए’ वर्ग. तिथला ग्राहक लेबलवरचा वर्ग वाचून फोन घेऊ शकतो. इथला ग्राहक तुमचा रणगाडा बघून कव्हर घेतो.

तुमच्याकडून मला चार ओळी हव्या आहेत. किती उंचीवरून पाडलं. कशावर पाडलं. एकच नग किती वेळा पाडला. आत कुठला फोन होता आणि शेवटी त्याच्या काचेचं काय झालं. चाचणी खरोखर घेतली असेल तर ही माहिती तुमच्या टेबलावर पडलेली आहे, ती छापायला शाईही फारशी लागणार नाही. घेतली नसेल, तर ते दोन शब्द काढा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. त्या कायद्यात रणगाड्याच्या चित्राला माफी नाही.

पुढचा डबा हातात आला की मी आधी या चार ओळी शोधीन. सापडल्या नाहीत, तर डबा परत करताना दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना कारण सांगीन, आणि तिथूनच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावीन.

कळावे,
एक गिऱ्हाईक