निखारे मिळतील का निखारे?

ज्या गावाच्या डोक्यावर रात्रंदिवस ज्योत पेटलेली असते, त्या गावात चार निखारे मिळू नयेत, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पण मुंबईतल्या माहुलचं तसं आहे. १९५४-५५ साली इथे शेजारीशेजारी दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, एक स्टॅनव्हॅकची आणि एक बर्मा शेलची. सत्तरच्या दशकात सरकारने दोन्ही ताब्यात घेतल्या, दारावरच्या पाट्या बदलल्या, चिमणीवरची ज्योत तेवढी राहिली. आत दाब वाढला की जादा वायू तसाच हवेत सोडण्यापेक्षा उंचावर जाळून टाकतात, म्हणून ती. एवढा मोठा जाळ, आणि त्यावर साधा पापड भाजायची सोय नाही!

हे सुचायचं कारण ग्रातीकोला. भाचा मिलानला असतो. सुट्टीला आला तो ही वस्तू घेऊन. तारेच्या दोन जाळ्या, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला हातभर दांडा. मधे मासा ठेवायचा, कडी सरकवायची आणि निखाऱ्यांवर धरायचा. तिकडे फ्लोरेन्सवाले गाईच्या मांसाचा दोन बोटं जाड तुकडा निखाऱ्यांवर भाजतात आणि समुद्रकाठचे लोक तारल्या. तारल्या म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर इटलीबद्दल प्रथमच आदर दिसला. त्याआधी तिने एवढंच विचारलं होतं, "ह्यो काय, उंदराचा पिंजरा?"

भाच्याने मग संत लॉरेन्सची गोष्ट सांगितली. रोमन बादशहाने इ.स. २५८ मध्ये त्याला म्हणे असल्याच जाळीवर भाजलं, आणि तो म्हणाला, ही बाजू झाली, आता उलटा. तेव्हापासून तो स्वयंपाक्यांचा कैवारी. त्याचा दिवस १० ऑगस्ट, म्हणजे आमची पावसाळी मासेमारीबंदी उठून जेमतेम दहा दिवस झालेले. आई म्हणाली, "उलटायचं सांगावं लागलं, म्हणजे भाजणारा बाप्या असणार."

प्रश्न निखाऱ्यांचा होता. चूल गेली तेव्हा सोबत निखारेही गेले. कोळशाची वखार कुठे होती हे गावात सगळ्यांना आठवतं, पण तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. राहता राहिला इस्त्रीवाला. त्याच्याकडे निखारे होते, पण बांगड्याचं नाव काढताच त्याने इस्त्री आडवी धरली. समोर लोकांच्या ऑफिसच्या शर्टांची चळत होती. माणसाचं म्हणणं रास्त होतं. गॅसवर धरून पाहावं, तर दांडा भिंतीला अडला आणि माशाची चरबी बर्नरमध्ये ठिबकली.

शेवटी खुंटीवरची आपली जाळी काढली. चेंबूर स्टेशनबाहेरची, मधोमध काळी पडलेली, मूठ निघाल्यामुळे फडक्याने धरायची. हिच्यावर काय होत नाही! भरताचं वांगं, पापड, फुलका, आणि सुका बोंबील. डोकं-शेपूट छाटून मंद आचेवर धरायचा, कडक झाला की वरवंट्याने ठेचायचा, वर लसूण, हिरवी मिरची, कच्चा कांदा. तांदळाच्या भाकरीबरोबर. यापुढे मी फ्लोरेन्सबद्दल काही बोलत नाही.

फक्त वास येतो. आमच्या हवेचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. २०१५ साली माहुल-आंबापाड्याच्या प्रदूषणावर निकालही लागला. रात्री-बेरात्री नाक झोंबतं, घसा खवखवतो, माणसं मुकाट खिडक्या लावून घेतात. पण कुणी सुका बोंबील भाजू द्या, पाचव्या मिनिटाला बिल्डिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतो. "कृपया वासाची काळजी घ्यावी," खाली हात जोडलेले. लिहिणारा नाकाला रुमाल लावून खाडीकडे तोंड करून उभा असतो. या गावात वासाची तक्रार करायला एवढे पर्याय असताना माणसाने बोंबील निवडावा, हे मला कळत नाही. बहुधा बोंबलाचा पत्ता ठाऊक असतो म्हणून असेल.

भाचा परत गेला. ग्रातीकोला हल्ली खिडकीबाहेर टांगलेली असते. आई तिच्यात ओले बोंबील घालून कडी लावते आणि उन्हात सोडते. कावळ्याची चोच पोचत नाही, मांजराला कडी उघडता येत नाही. भाच्याचा फोन आला की तो हमखास विचारतो, "आजी, ग्रातीकोला वापरतेस ना?"

"अरे, रोज," आई म्हणते. "पण इटलीत ऊन कमी असेल, न्हाय रं? उगाच तिला जाळावर धरतात."